मेंदू म्हणतो सावलीत जा, पण परवानगी कोण देणार?

इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. काम म्हणजे बातमी नव्हे, बातमीच्या शेजारची चौकट. विषय होता 'उष्माघात झाल्यास काय कराल?' सहा मुद्दे, शंभर शब्द. पाच मुद्दे मी इकडून तिकडून गोळा केले आणि सहावा स्वतःच्या डोक्यानं टाकला : 'अंग तापलेलंच राहिलं तर पॅरासिटामॉल द्यावी.' आमच्या घरी अंग तापलं की दुसरं काय देतात?

डेस्कवरच्या सरांनी तो मुद्दा लाल पेनानं खोडला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "उष्माघात म्हणजे ताप नव्हे. का नव्हे, ते शोध आणि मला सांग." छापून गेलं असतं तर कुणीतरी खरंच गोळी देत बसलं असतं, आणि तेवढ्यात हॉस्पिटलला न्यायची वेळ निघून गेली असती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

त्याच आठवड्यात मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो वीस वर्षांचा आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि हा भर उन्हात ग्राउंडवर. मी ओरडले तर म्हणतो, "ताई, आपल्याला काय होतंय? सवय उन्हातच करायला पाहिजे ना!"

सरांचा प्रश्न आणि भावाचं उत्तर, दोन्हींचा माग काढत गेले तेव्हा मेंदूतल्या एकाच जागेवर पोहोचले. तिचं नाव हायपोथॅलॅमस.

बदामाएवढं ऑफिस

मेंदूचं वजन साधारण १४०० ग्रॅम. त्यात हायपोथॅलॅमस जेमतेम चार ग्रॅमचा, बदामाएवढा. कपाळाच्या मागे सरळ आत जात राहिलो तर मेंदूच्या अगदी तळाशी, थॅलॅमस नावाच्या भागाच्या खाली तो सापडतो. नावाचा अर्थही तोच, 'थॅलॅमसच्या खालचा'. त्याच्या पुढच्या बाजूला दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात आणि खाली एका देठाला पियुषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथी लोंबकळते. सगळ्या ग्रंथींची राणी म्हणून पिट्युटरीचं नाव आपण शाळेपासून ऐकतो, पण राणीला आदेश जातात ते या वरच्या ऑफिसातून.

या ऑफिसात वेगवेगळी टेबलं आहेत. चेतापेशींच्या या गटांना केंद्रकं म्हणतात. एक टेबल भुकेचं. एक झोप-जागेच्या घड्याळाचं. दोन टेबलांवर पाण्याचा हिशेब ठेवणारं संप्रेरक तयार होतं. ते पिट्युटरीतून रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना सांगतं, 'पाणी वाचवा'. उन्हाळ्यात लघवी कमी आणि गडद पिवळी होते ती या आदेशामुळे. आणि सगळ्यात पुढच्या बाजूला, प्रीऑप्टिक भागात, तापमानाचं टेबल.

हे टेबल नेमकं कुठं आहे ते १९३८ मध्ये शिकागोतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांनी मांजरांच्या हायपोथॅलॅमसचा फक्त पुढचा भाग किंचित गरम केला. बाकी शरीर गरम झालेलं नव्हतं, तरी मांजरं धापा टाकू लागली आणि त्यांच्या पंज्यांना घाम आला. म्हणजे 'गरम होतंय' हा निकाल त्वचा देत नाही, तो इथं लागतो. त्वचा बातमीदारासारखी आहे. ती खालून रिपोर्ट पाठवते. हे रिपोर्ट कसे तयार होतात यावरच्या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. उष्णता ओळखणारा त्वचेतला एक सेन्सर मिरचीच्या तिखटालाही तसाच प्रतिसाद देतो, हे ज्युलियस यांनी शोधलं. झणझणीत ठेचा खाल्ल्यावर कपाळावर घाम का येतो, त्याचं उत्तर यातच आहे. खोटा रिपोर्ट आला तरी ऑफिस कामाला लागतं.

ताप आणि उष्माघात : सरांच्या प्रश्नाचं उत्तर

हायपोथॅलॅमस शरीराचं आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो. गिझरला जसं सेटिंग असतं तसंच हे.

जंतुसंसर्ग झाला की शरीरात काही रसायनं तयार होतात. त्यातलं प्रोस्टाग्लँडिन ई-२ हायपोथॅलॅमसमध्ये हे सेटिंगच वर सरकवतं, समजा ३९ वर. आता ३७ अंशांचं शरीर त्याला 'थंड' वाटतं. म्हणून अंग तापण्याआधी हुडहुडी भरते, आपण गोधडी ओढून घेतो. शरीर मुद्दाम गरम केलं जातंय. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. सेटिंग परत ३७ वर येतं, घाम फुटतो, ताप उतरतो.

उष्माघातात सेटिंग ३७ वरच असतं. हायपोथॅलॅमस ओरडून सांगत असतो की गरम होतंय, थंड करा. पण बाहेरून येणारी आणि आत तयार होणारी उष्णता इतकी असते की ती बाहेर टाकणं शरीराला जमत नाही. वर सरकलेलं सेटिंगच नाही, तर खाली आणणार काय? म्हणून गोळीचा उपयोग शून्य. उलट उष्माघातात यकृताला आधीच इजा होत असते, त्यावर गोळीचा भार नको. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागला, तर त्याला औषधापेक्षा आधी पाणी लागतं, अंगावर ओतायला.

चार आदेश

गरम झाल्यावर हायपोथॅलॅमसच्या हातात मुळात चारच गोष्टी असतात.

पहिली, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करणं. आतलं गरम रक्त पृष्ठभागावर येतं, म्हणून चेहरा लाल होतो. पण त्यासाठी हृदयाला जास्त पंप करावं लागतं. रांगेत तासभर उभं राहिल्यावर चक्कर येते त्यामागे हेच आहे. रक्त त्वचेकडे आणि पायांकडे, मेंदूच्या वाट्याला कमी.

दुसरी, घाम. हे सगळ्यात जोरदार हत्यार. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथं 'वाळला तर' महत्त्वाचं. गळून पडलेला घाम फक्त पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही.

तिसरी, तहान. आणि चौथी, वागणूक. सावलीत जा. बस. शर्ट काढ. धावणं थांबव.

ही चौथी गोष्ट मला आधी क्षुल्लक वाटली होती. पण घामाला मर्यादा आहे, रक्ताला मर्यादा आहे. सावलीत जाऊन बसणाऱ्या माणसाला मात्र शरीरातलं पाणी न गमावता वाचता येतं. कुत्रं भर दुपारी गाडीखाली जाऊन पडतं ते याच आदेशानं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याला लागते.

खारघरचा रविवार

१६ एप्रिल २०२३. नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. लाखोंचा जनसमुदाय उघड्या मैदानात तासन् तास उन्हात. उष्माघातानं १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरात तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदलं गेलं होतं.

चंद्रपूरच्या कुणालाही ३८ अंश सांगा, तो हसेल. तिथं ४५ म्हणजे उन्हाळा. मग ३८ ला माणसं कशी दगावतात? उत्तर दमटपणात आहे. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच बाष्प असतं, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. दुसरं हत्यार बोथट. त्यात तापमानाचा आकडा सावलीत मोजलेला असतो, थेट उन्हात बसलेल्या माणसावर पडणारी उष्णता त्यात धरलेली नसते. म्हणूनच भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंशांची अट लावतो, पण किनारपट्टीला ३७ ची. त्याशिवाय तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढलेलं असावं लागतं.

पण आकड्यांच्याही पलीकडे, त्या गर्दीत बसलेल्या प्रत्येकाच्या हायपोथॅलॅमसनं चौथा आदेश दिलाच असणार. ऊठ, सावलीत जा. एवढ्या गर्दीतून उठायचं कसं, जायचं कुठं, आणि कार्यक्रम अर्धवट सोडायचा कसा? शरीराचा इशारा वाजत होता. तो पाळण्याची सोय नव्हती. या घटनेनंतर राज्य सरकारनं उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमांना बंदी जाहीर केली.

पुढच्याच वर्षी, १ जून २०२४ ला लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात, उत्तर प्रदेशात ३३ मतदान कर्मचाऱ्यांचा उष्णतेनं मृत्यू झाल्याचं तिथल्या निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. ड्यूटी सोडून सावलीत जाता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

'आपण तरुण आहोत, काय होतंय?'

आता भावाचं वाक्य. आपल्यापैकी बहुतेकांचं हेच मत असतं. उष्माघात म्हणजे आजी-आजोबांचा प्रश्न.

थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि त्यावर वारा घातला, की जो आकडा दिसतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. यात उष्णता आणि दमटपणा दोन्ही येतात, त्यामुळे घाम किती कामाला येईल ते यावरून कळतं. ३५ अंश वेट बल्ब ही माणसाच्या सहनशक्तीची शेवटची मर्यादा, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष तपासलं. निरोगी तरुण-तरुणींना त्यांनी थर्मामीटर असलेली छोटी कॅप्सूल गिळायला दिली आणि गरम, दमट खोलीत हलकं काम करायला लावलं. आतलं तापमान हाताबाहेर जायला सुरुवात झाली ती ३५ ला नव्हे, ३१ च्या आसपास. म्हातारी माणसं नव्हती ती. आपल्याच वयाची होती. आणि धावतही नव्हती.

धावण्याचा हिशेब आणखी वेगळा. शांत बसलेलं शरीर जुन्या शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता तयार करतं. जोरात धावणारं शरीर त्याच्या आठ-दहा पट. म्हणजे उन्हाची भर पडायच्या आधीच हायपोथॅलॅमससमोर दहा बल्ब पेटलेले असतात. तरुणांचा उष्माघात बहुतेकदा असाच होतो, आणि तो घाम गळत असतानाही होऊ शकतो. 'त्वचा कोरडी पडली तरच उष्माघात' ही समजूत इथं दगा देते.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडमध्ये अबकारी खात्याच्या शिपाई भरतीत मुलांना एका तासात १० किलोमीटर धावायचं होतं. त्या भरतीदरम्यान १२ उमेदवार दगावले. मृत्यूंची कारणं वेगवेगळी सांगितली गेली, राजकारणही भरपूर झालं. पण सरकारनं जे पहिलं पाऊल उचललं ते बोलकं होतं : भरती काही दिवस थांबवली आणि सकाळी नऊनंतर धावण्याची चाचणी घेऊ नये असं सांगितलं.

आपल्याकडच्या पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि राज्य राखीव दलासाठी पाच किलोमीटर धावावं लागतं. अंतर तुलनेनं कमी आहे. पण पाच-पाच वर्षं तयारी केलेल्या, वयाची अट संपत आलेल्या मुलाला शेवटच्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो थांबेल का? भावाला विचारलं. तो म्हणाला, "थांबलो तर पुढच्या भरतीची वाट बघायची. कधी निघेल कुणाला माहीत?" चौथा आदेश इथंही पोहोचतो. पण पुढे नोकरी असते, म्हणून तो पाळला जात नाही. डिलिव्हरीचं काम करून शिकणारे आपले मित्र दुपारी दोनला ऑर्डर नाकारत नाहीत, तेही याच हिशेबानं.

भावाचं एक म्हणणं मात्र अर्धं बरोबर निघालं. सवय होते. सात ते चौदा दिवस हळूहळू उष्णतेत काम वाढवलं तर घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. अमेरिकेत नव्या कामगारांसाठी सल्ला असा आहे : पहिल्या दिवशी उन्हात फक्त २० टक्के काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. म्हणजे सवय करायची तर ती पायरीपायरीनं. हॉस्टेलच्या पंख्याखालून उठून थेट साडेअकराला पाच किलोमीटर, ही सवय नव्हे.

रात्रीचं काय?

दिवसाच्या आकड्यांच्या बातम्या होतात, रात्रीच्या फारशा नाही. हायपोथॅलॅमसमधलं घड्याळाचं टेबल डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावर चालतं आणि रात्री शरीराचं तापमान थोडं खाली आणतं. गाढ झोपेसाठी ही घसरण लागते. पत्र्याच्या खोलीत, सिमेंटच्या गच्चीखाली रात्री दोनला भिंती तापलेल्या असतील तर ही घसरण नीट होत नाही. झोप मोडते आणि दुसऱ्या दिवसाच्या उन्हाला थकलेलं शरीर सामोरं जातं. हवामान विभाग आता 'उष्ण रात्री'चाही इशारा देतो. परीक्षेच्या काळात अभ्यास डोक्यात शिरत नसेल तर दोष दरवेळी तुमचा नसतो.

सावलीची सोय

मग करायचं काय? पाणी प्या, टोपी घाला हे सल्ले चुकीचे नाहीत. पण ते सगळी जबाबदारी त्या माणसावर टाकतात. चौथा आदेश पाळता येईल अशी व्यवस्था करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे.

अहमदाबादनं ते करून दाखवलं. मे २०१० मध्ये तिथं पारा ४६.८ अंशांवर गेला होता आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ जास्त मृत्यू झाले. २०१३ मध्ये महापालिकेनं उष्णता कृती आराखडा आणला : आगाऊ इशारे, पाणपोया, दवाखान्यांना प्रशिक्षण, कामाच्या वेळा बदलण्याच्या सूचना. यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले असा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला. हाच नमुना पुढे देशभर गेला, नागपूरनंही आपला आराखडा केला. कतारमध्ये, जिथं हजारो भारतीय बांधकामावर आहेत, २०२१ पासून नियम आहे की १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. शिवाय ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणारा आकडा ३२.१ च्या वर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवायचं.

आपल्याकडे सल्ले भरपूर आहेत. बंधन मात्र बहुतेकदा दुर्घटना घडल्यावर येतं. भरतीचं ग्राउंड कितीला संपवायचं, परीक्षा केंद्राबाहेर मांडव कुणी घालायचा, रोड शोला कॉलेजच्या मुलांना दुपारी बाराला उभं करायचं की नाही, हे निर्णय आकडा बघून आधीच ठरायला हवेत. आणि ते आपण मागायला हवेत. एनएसएस, एनसीसी, विद्यार्थी संघटना, कॉलेजचं जिमखाना मंडळ, कुठं ना कुठं आपण असतोच. पुढच्या वेळी वार्षिक क्रीडा स्पर्धेचं वेळापत्रक लागलं की १५०० मीटरची फायनल कितीला आहे ते बघा.

भावाला मी हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बरं, सहाला जातो. पण खरं ग्राउंड अकराला ठेवलं तर?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते ग्राउंडच्या आधी द्यावं.

सरांना मी उत्तर नेऊन दिलं. ते म्हणाले, आता चौकट पुन्हा लिही.

चौकट : उष्माघात झाल्यास काय कराल?

• उन्हात, उकाड्यात किंवा धावल्यावर कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर उष्माघात समजूनच चाला. घाम येत असला तरीही.

• १०८ ला फोन करा. गाडीची वाट बघत थांबू नका, तिथंच थंड करायला सुरुवात करा.

• सावलीत न्या, जादा कपडे काढा, सर्वांगावर पाणी ओता आणि वारा घाला. हौद किंवा टब असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवा. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांत ठेवा.

• शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

• शुद्धीत असेल तर ओआरएस किंवा मीठ-साखर-पाणी घोट घोट द्या.

• पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन देऊ नका. हा ताप नाही.